दृष्टिहीनांसाठी मोटार दुरुस्तीचे काम : शिकावे कसे, शिकवावे कसे

डोळे गेले म्हणजे रोजी गेली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. घरातल्या मुलाची नजर अधू झाली की वडीलधारी माणसे त्याच्यासाठी "बसून करण्यासारखे" काम शोधू लागतात. पूर्वी वेताच्या खुर्च्या विणणे हे काम जणू ठरलेलेच असे. पुढे टेलिफोन ऑपरेटरच्या नोकऱ्या आल्या. १९९० च्या दशकात एसटीडी बूथ आले. यांतले आज काय उरले आहे, ते वाचक जाणतातच. वेताची खुर्ची प्लास्टिकने घालवली, ऑपरेटर आपोआप चालणाऱ्या एक्सचेंजने घालवला आणि बूथ मोबाईलने. आपल्या दृष्टिहीन भावांसाठी आपण कामे निवडली ती त्यांना जमतील एवढेच पाहून. ती कामे पुढे चालतील का, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

गाड्या मात्र बिघडतच राहणार आहेत. तेव्हा मोटार दुरुस्तीचे काम दृष्टिहीन माणसाला शिकता येते का, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. माझे उत्तर आहे : येते, पण सगळे नाही. कोणते येते, कोणते येत नाही आणि शिकवणाऱ्याने आपल्या सवयी कोठे बदलल्या पाहिजेत, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

मिरजेत माझे सेल्फ-डायनामो दुरुस्तीचे दुकान आहे, जोडीला छोटे गॅरेज आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक शागीर्द एकोणीस वर्षांचा असताना त्याला रात्रीचे दिसेनासे झाले, मग बाजूचे दिसेनासे झाले. डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला. दोन-अडीच वर्षांत अंधुक उजेडाखेरीज काही उरले नाही. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "उस्ताद, आता याला गल्ल्यावर बसवा. पगार कमी दिला तरी चालेल." मी हो म्हणणार होतो. मुलगा मध्येच म्हणाला, "चाचा, गल्ल्यावर नोटा मोजायला तरी मला कुठे दिसतंय? सेल्फ खोलायला मी आजही हाताकडे बघत नाही." त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही जुने मिस्त्री सेल्फ उघडतो तेव्हा नजर रस्त्यावर असते, गप्पा चालू असतात, काम बोटे करतात. गाडीखाली झोपून गिअरबॉक्सच्या मागचा बोल्ट काढताना कोणाला काय दिसते? तेथे आपण सगळेच आंधळे असतो.

एका मोठ्या माणसाचे उदाहरण

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हेगर्सटाऊन नावाचे गाव आहे. तेथे १८९० साली जन्मलेल्या राल्फ टीटर यांची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने गेली. घरच्यांनी त्यांना कोपऱ्यात बसवले नाही, कारखान्यात वावरू दिले. १९१२ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या जहाजांसाठी वाफेच्या टर्बाइनचे रोटर समतोल करण्याचे अवघड काम त्यांनी केले, आणि त्यात त्यांच्या बोटांचा मोठा वाटा होता. पुढे ते पिस्टन रिंगा बनवणाऱ्या परफेक्ट सर्कल कंपनीचे अध्यक्ष झाले. १९३६ साली अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या सोसायटीनेही त्यांना अध्यक्ष केले. आज महाग गाड्यांत जे "क्रूझ कंट्रोल" असते, म्हणजे पाय न लावता ठरलेला वेग राखण्याची सोय, ते टीटर यांचेच. त्याचे पेटंट त्यांना १९५० साली मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते बसले. त्यांचे वकील बोलता बोलता गाडी कधी हळू, कधी जोरात चालवत, त्या हिसक्यांना कंटाळून ही कल्पना सुचली असे सांगतात. ज्याला गाडी चालवता येत नव्हती त्याला ती कशी चालते आहे हे चालवणाऱ्यापेक्षा जास्त कळत होते, हे यातले ध्यानात घेण्यासारखे.

टीटर इंजिनिअर होते, त्यांच्या पाठीशी घरचा कारखाना होता. आपल्याकडच्या मुलाच्या पाठीशी असतो एक उस्ताद आणि एक तेलकट बाकडे. म्हणून आता त्या बाकड्याकडे वळू.

आधी जागा, मग हत्यार

गॅरेज ही दृष्टिहीनासाठी धोक्याची जागा आहे, हे आडवळण न घेता मान्य करावे. पण धोका अंधारातून कमी आणि अव्यवस्थेतून जास्त येतो. आमच्याकडे चार नियम केले. गाडीखालच्या कामाचा खड्डा वापरात नसताना फळ्यांनी झाकायचा. बॉनेट आणि दारे एक तर पूर्ण उघडी, नाही तर पूर्ण बंद. अर्धवट उघडे दारच कपाळ फोडते. जॅकचा दांडा आणि हवेचा पाइप वाटेत टाकायचा नाही. जमिनीवर तेल सांडले की सांडणाऱ्याने तिथल्या तिथे भुसा टाकायचा. हे नियम त्याच्यासाठी केले, पण फायदा माझाच झाला. तोवर माझी मुले महिन्याला एकदा तरी कोठे ना कोठे आपटत होती.

हत्यारांचे असे की प्रत्येक पान्याला भिंतीवर एक खिळा आणि तो खिळा कायमचा. रिंग पाने लहानापासून मोठ्याकडे : ८, १०, १२, १३, १४, १७, १९. गोट्या एकमेकींसारख्या लागतात, म्हणून त्यांच्या कडेला कानशीने खाचा पाडल्या : १० ला एक, १२ ला दोन, १३ ला तीन, १४ ला एक लांब. आठवडाभरात खाचा मोजायची गरजच उरली नाही. बोट गोटीत घातले की नंबर कळू लागला. बोल्टच्या डोक्यावर बोट टेकवून "हा बारा" म्हणणारा मिस्त्री आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ती विद्या डोळे गेल्यावर अवघी सहा महिन्यांची असते.

उघडलेले सामान कोठे ठेवायचे, याला आम्ही अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे वापरतो. तीस खळगे, सहाच्या पाच रांगा. पहिला बोल्ट डावीकडच्या वरच्या खळग्यात, दुसरा त्याच्या शेजारी. जोडताना उलट क्रमाने यायचे. बाजारात महाग चुंबकी थाळ्या मिळतात, पण क्रम ठेवायचा तर अंड्यांच्या ट्रेची सर त्यांना नाही.

या ट्रेवरूनच एकदा मोठे नुकसान झाले, ते सांगितले पाहिजे. एका गाडीचा गिअरबॉक्स त्याने उघडला होता. त्यात काही बोल्ट लांब, काही आखूड. तो दुपारी जेवायला गेला असता दुसऱ्या पोराने जागा साफ करायची म्हणून ट्रेमधले सगळे बोल्ट एका डब्यात ओतले, रॉकेलने धुतले आणि तसेच चमकवून ट्रेमध्ये भरून ठेवले. क्रम गेला. परत आल्यावर त्याने ट्रेवर भरवसा ठेवून आखूड बोल्टच्या भोकात लांब बोल्ट घातला. बोल्ट तळाला टेकला, पुढे पाना ओढताच ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला चीर गेली. हाउसिंग माझ्या खर्चाने पुण्याच्या नाना पेठेतून आणावे लागले आणि गिऱ्हाइकाची गाडी पाच दिवस अडकली. गॅरेजातले सगळे म्हणाले, "शेवटी दिसत नाही ना त्याला." मी विचारले, "दिसणाऱ्याने डबा का ओतला?" तेव्हापासून नियम असा : दुसऱ्याच्या बाकड्याला हात लावायचा नाही. आणि त्यानेही स्वतःला एक नियम घातला : बोल्ट घालण्याआधी त्याची लांबी भोकाच्या खोलीशी काडीने ताडून पाहायची.

"हे बघ" म्हणणे सोडा

शिकवणाऱ्याची खरी अडचण जिभेची आहे. आपण सगळे "हे बघ, असं फिरव" म्हणत शिकलो आणि तसेच शिकवतो. ते येथे चालत नाही. त्याऐवजी घड्याळ वापरावे : "बोल्ट तीन वाजता आहे, दुसरा सात वाजता." आणि हाताने दाखवायचे असेल तर त्याचा हात धरून ओढू नये. आपला हात कामावर ठेवावा आणि त्याला आपल्या हातावर हात ठेवू द्यावा. पाना किती ओढला, मनगट केव्हा थांबले, हे त्याला त्याच्या तळव्यातून कळते. हात धरून ओढला की मुलगा घाबरतो आणि बोटे आखडतात.

बोल्ट बसवणे हा पहिला खरा धडा. आटे चुकवून बोल्ट घुसवला की भोक वाया जाते. ही चूक डोळसांकडूनही रोज होते. रीत अशी : बोल्ट भोकावर ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, बोटांनी फिरवावा. आटे जुळले की तो हलकासा "टक" करून खाली बसतो. मग सरळ फिरवावा. निदान दोन-तीन फेरे बोटांनी गेल्याशिवाय पाना लावायचा नाही. हे शिकवायला मी भंगारातले एक इंजिन आणून ठेवले होते. पहिले तीन महिने गिऱ्हाइकाच्या गाडीला हात नाही, फक्त ते इंजिन उघडायचे आणि जोडायचे.

पहिला नंबर चेंबरचा टॉप कसा काढायचा, हेही हाताने होते. प्लग काढावेत, इग्निशन बंद असल्याची खात्री करावी, पहिल्या भोकावर बोट ठेवून क्रँक पान्याने फिरवावा. हवा बोटाला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग भोकात प्लास्टिकची लांब नळी सोडावी. ती वर येत येत जेथे थांबते तेथे पिस्टन वर आला. मारुती ८०० चा फायरिंगचा क्रम १-३-२ आणि बहुतेक चार सिलिंडर गाड्यांचा १-३-४-२, हा पाठच करावा लागतो, डोळे असोत वा नसोत.

टॅपेट सेटिंग तर मुळातच हाताचे काम. फिलर गेजचे पान व्हॉल्व्हच्या फटीतून ओढताना तुपातून सुरी ओढल्यासारखी हलकी पकड लागली पाहिजे, असे माझे उस्ताद सांगत. ती पकड कोणाच्याही डोळ्याला दिसत नाही. गेजच्या पानांवरचे आकडे वाचता येत नाहीत एवढीच अडचण; त्यासाठी लागणारी पाने सुटी करून वेगवेगळ्या गाठींच्या दोऱ्यात ओवावीत. मापाचे पान जाते आणि त्याच्या वरचे जात नाही, म्हणजे फट बरोबर.

कान आणि नाक

आवाजाचे ज्ञान हे या धंद्यातले अर्धे भांडवल आहे, आणि तेथे दृष्टिहीन शागीर्द लवकर पुढे जातो. त्याला जास्त ऐकू येते असे नाही. तो ऐकण्याकडे लक्ष देतो, एवढेच. किल्ली फिरवल्यावर एकच "खट्" होऊन शांतता झाली तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, बॅटरीचे टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ. "कट कट कट" अशी जलद माळ लागली तर बहुधा बॅटरी उतरलेली. मोटर भिरभिरते पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स पकडत नाही. करकर असा दातांचा आवाज आला तर बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले. गिअर न्यूट्रल असताना येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येऊ लागला तर रिलीज बेअरिंग.

चाकाच्या बेअरिंगसाठी त्याला शेजारच्या सीटवर बसवून गाडी फिरवून आणावी. वेगाबरोबर चढणारी गुणगुण डावीकडे वळताना वाढली तर भार उजव्या चाकावर गेला म्हणून वाढली, तेव्हा उजवे बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी हळू पुढे घेतल्यावर टक-टक-टक आले तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. आज आमच्याकडे अशी तक्रार आली की गाडी चालवतो मी, आणि निदान सांगतो तो.

नाकाचे थोडक्यात सांगतो. तापल्या इंजिनावर गोडसर वास म्हणजे कूलंट गळते आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे बहुधा बॅटरी जास्त चार्ज होते आहे, डायनामोचा रेग्युलेटर तपासा. गिअर ऑइलचा उग्र वास एकदा घेतला की इंजिन ऑइलशी त्याची गल्लत होत नाही. मात्र कोणतेही तेल जिभेला लावून पाहण्याची जुनी खोड सोडावी. कूलंट विषारी असते.

सेल्फ-डायनामो हे पहिले काम का

गाडीतल्या अनेक कामांत दृष्टिहीनाला जमणारे, बाकड्यावर बसून होणारे आणि रोज पैसे देणारे काम मला हेच वाटते. सेल्फ आणि डायनामो गाडीतून काढून दुसरा कोणी आणून देतो. वस्तू हातात मावते. भाग मोजके : कार्बन, बुश, आर्मेचर, फिल्ड, बेंडिक्स, सोलेनॉइड. गावोगावचे ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, जीप यांचे काम बाराही महिने असते.

यातली तपासणीही हाताची आहे. कार्बन किती झिजला, ते नव्या कार्बनशेजारी धरून कळते. कम्युटेटरवर नख फिरवले की खाचा लागतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर नख अडकत नाही, सरळ घसरते, म्हणजे तो खाली कोरायला हवा. बुश ढिला असेल तर शाफ्ट हातात डुलतो. आर्मेचरचे वाइंडिंग शॉर्ट आहे का, हे पाहण्याचे आपले जुने यंत्र म्हणजे ग्राउलर. आर्मेचर त्यावर ठेवून हॅक्सॉ ब्लेड वर धरायचे आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचे. जेथे कॉइल शॉर्ट असेल तेथे ब्लेड थरथरते. आम्ही वर्षानुवर्षे ते ब्लेड "पाहत" आलो. त्याने पहिल्याच दिवशी ते नुसते हातात धरून सांगितले, आणि एक अगदी बारीक थरथर, जी माझ्या डोळ्यांतून सुटली होती, ती पकडली.

तारांचा प्रश्न खरा आहे. रंग दिसत नाहीत. म्हणून वायर काढण्यापूर्वी प्रत्येकीला दोऱ्याच्या गाठी मारायच्या : एक, दोन, तीन. टेस्ट लॅम्पच्या जागी १२ व्होल्टचा बझर दोन वायरींना जोडून वापरावा. करंट आला की तो वाजतो, आणि खर्च चहा-नाश्त्याएवढा. मल्टिमीटरलाही कंटिन्युइटीचा बझर असतोच. आकडा हवा असेल तेथे बोलणारे मीटर मिळतात. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण १३.८ ते १४.४, एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी निम्मे निदान होते.

नव्या गाड्यांना घाबरू नये. भारतात एप्रिल २०१३ पासून कारमध्ये ओबीडी-२ ची व्यवस्था सक्तीची झाली. डॅशबोर्डखाली १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा लहान स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड फोनवर येतो आणि फोनचा टॉकबॅक तो वाचून दाखवतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. या बाबतीत तर दृष्टिहीनाला पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. सगळीच ॲप टॉकबॅकशी नीट बोलत नाहीत, दोन-तीन वापरून निवडावे लागते. रंग सांगणारी ॲपही आहेत, पण तेल लागलेल्या वायरीवर आणि बॉनेटच्या सावलीत मी त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही.

ब्रेकची जबाबदारी

येथे मी कडक आहे. ब्रेक आणि चाक यांत चूक झाली तर जीव जातो, आणि तो गिऱ्हाइकाचा जातो. म्हणून ब्रेकचे काम दृष्टिहीनाने करावे का, असे मला बरेच जण विचारतात. करावे, पण मापाने. पॅडची जाडी ३ मिलिमीटरवर आली की बदलावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३ मिलिमीटर जाडीची एक पट्टी कापून ठेवली की पॅडच्या कडेला ती लावून बोटाने कळते. डिस्कच्या काठाला झिजेने आलेली कड नखाला लागते. टायरच्या खाचेत कंपनीनेच १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे दिलेले असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की टायर संपला, हेही बोटाला कळते. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळायचे, तो ठरल्या जोरावर "क्लिक" करतो. छोट्या गाडीला साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. रेंचची मूठ एक फेरा फिरवली की किती वाढते, हे एकदा दुसऱ्याकडून वाचून घेतले की पुढे फेरे मोजता येतात.

एवढे करूनही ब्रेकचे प्रत्येक काम आमच्याकडे दुसरा माणूस पुन्हा तपासतो आणि जॉब कार्डावर दोघांच्या खुणा होतात. हे फक्त त्याच्या कामाला लागू केले असते तर तो अपमान झाला असता. म्हणून माझ्यासकट सगळ्यांना लागू केले. पहिल्याच महिन्यात त्याने माझा एक ढिला नट पकडला.

काही कामे सोडून द्यावीत. रंगकाम, रंग जुळवणे, पडद्यावर पाहून करायचे अलाइनमेंट, गाडी चालवून घ्यायची चाचणी, यांत हट्ट करू नये. चालू इंजिनाजवळ काम असेल तर सैल बाही, मफलर, अंगठी काही नको. आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हे विसरू नये. जॅकवरच्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय कोणी जायचे नाही. आणि चष्मा लावायचाच. "मला कशाला?" असे तो हसून म्हणाला होता. पण न दिसणाऱ्या डोळ्यातही बॅटरीचे ॲसिड गेले तर आग होतेच.

पैशांचे आणि कागदाचे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना बऱ्याच सवलती दिल्या आहेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड आधी काढून घ्यावे. स्वतःचे दुकान टाकायचे असल्यास १९९७ साली केंद्र सरकारने स्थापन केलेले दिव्यांगांचे वित्त महामंडळ राज्याच्या महामंडळामार्फत स्वयंरोजगारासाठी कर्ज देते. काठीने चालणे, ब्रेल, फोन आणि संगणक वापरणे हे आधी शिकून घ्यावे. मुंबईतली १९५२ साली सुरू झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड यात मार्गदर्शन करते. आम्ही एका प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या प्रवेशासाठी गेलो होतो, तेथे अर्जाचा कागदही हातात दिला नाही. वाचकांपैकी कोणाला असा अनुभव आला तर नकार लेखी मागावा. लेखी मागितले की सूर बदलतो.

मजुरी मात्र पूर्ण घ्यावी. अंध आहे म्हणून स्वस्तात करून देणारा, असे एकदा नाव झाले की ते सुटत नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकते. आम्ही तीन महिन्यांची हमी लेखी देतो. बाकी बोलणी करीत नाही. त्याच्या वडिलांनी पहिल्या वर्षी कमी पगार घेतला, दुसऱ्या वर्षी मी तो बरोबरीचा केला. आता तो नगावर हिशेब घेतो आणि महिनाअखेर माझ्या इतर पोरांपेक्षा मागे नसतो.

पुढची चिंता विजेच्या गाड्यांची आहे. त्यांत काही शे व्होल्टचा दाब असतो आणि त्या केबलींना धोक्याची खूण म्हणून नारिंगी रंग दिलेला असतो. खूण आहे ती फक्त डोळ्यांसाठी. त्यामुळे त्या बाजूच्या कामाला हात लावायचा नाही, असे त्यानेच ठरवले आहे आणि मला ते योग्य वाटते. पण त्याच गाड्यांना ब्रेक आहेत, सस्पेन्शन आहे, १२ व्होल्टची वेगळी बॅटरी आहे, चाकांची बेअरिंग आहेत. मागे सांगलीहून एक विजेची कार चाकातून आवाज येतो म्हणून आली होती. मी चालवत होतो, तो शेजारी बसला होता. रेल्वे फाटकापर्यंतही गेलो नाही तोच म्हणाला, "चाचा, मागचं डावं. या गाडीत इंजिनच वाजत नाही, सगळं स्वच्छ ऐकू येतंय."